राखीव

ओउलूला नोव्हेंबरात तीन वाजताच दिवे लागतात.
हॉटेलच्या तळमजल्यावर, सौनाच्या भिंतीला लागून
आमची समिती बसली आहे.
एकोणतीस माणसं, कॉफीचं एक पिंप,
वेलदोड्याचे पाव, बरेचसे अर्धवट खाल्लेले.
मी इतिवृत्त लिहिते.

विषय सव्विसावा: 'रजिस्टर' हा शब्द काढून टाकणे.
तीन वर्षांनी येणाऱ्या मानकात तो नसावा,
असा प्रस्ताव. पानं दोन.
नवा शब्द आणायला चाळीस पानं लागतात,
जुना घालवायला दोन पुरतात.

कधीकाळी यंत्रापाशी जागा थोडी होती.
प्रोसेसरच्या अगदी उशाशी सात-आठ खण,
बाकीचं सगळं लांब, मेमरीच्या परसात.
तेव्हा लिहिणारा एखाद्या आकड्यापुढे हा शब्द मांडायचा,
म्हणजे: याला लांब नेऊ नकोस,
परत परत लागणार आहे,
हाताशी ठेव.

हुकूम नव्हता तो. विनंती.
मग कम्पायलर शहाणे झाले,
जवळ कोण, लांब कोण, त्यांचं ते ठरवू लागले.
गेली कित्येक वर्षं ते हा शब्द वाचतात,
व्याकरणात बसतो का पाहतात,
आणि कानाआड करतात.

"मग ठेवायचा कशाला?" सोफियाचा योर्डान म्हणाला.
हिराबायाशींनी विचारलं, जुना कोड किती मोडेल?
कुणाकडेच आकडा नव्हता.

तेव्हा आउलिक्की केस्किवाली उठली.
बर्फफोड्या जहाजांचा कोड ती सांभाळते.
"आमच्याकडे अकराशे चाळीस," म्हणाली,
"सगळे एका माणसाने घातलेले.
चौऱ्याऐंशी साली मशीन इतकं मंद होतं
की बर्फाची जाडी मोजून होईतो
जहाज त्याच बर्फात रुतलेलं असायचं.
वेइक्कोने जाडीपुढे हा शब्द लावला. जहाज सुटलं.
मग त्याला सवयच लागली.
वाऱ्याला लावला, डिझेलला लावला,
शेवटी शेवटी तर तारखेलासुद्धा.
तारखेची काय घाई असते?"

कुणीतरी हसलं. ती थांबली नाही.

"नियम होता, आठवतो ना?
ज्याला हा शब्द लावला
त्याचा पत्ता विचारता येत नाही.
आता वेइक्को हाउकिपुदासला वृद्धाश्रमात असतो.
मी रविवारी जाते.
माझं नाव त्याला येतं,
पत्ता येत नाही."

पिंपाखालची शेगडी टिकटिकत होती.
अध्यक्षांनी चष्मा पुसला. "म्हणजे तुमची हरकत आहे?"
"छे. मी बाजूने आहे. फक्त सांगितलं."

ठाम बाजूने चौदा. बाजूने नऊ.
तटस्थ पाच. विरोधात एक. ठाम विरोधात कुणी नाही.
तो एक हात कुणाचा, हे लिहायची पद्धत नाही.
आउलिक्कीचा नव्हता, एवढं मी पाहिलं.

मंजूर ठराव, माझ्या अक्षरात:
शब्दाचा अर्थ जाईल.
शब्द राखीव राहील.
म्हणजे तो वापरता येणार नाही,
आणि दुसऱ्या कुणाला ते नावही देता येणार नाही.
जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची
नुसती मांडलेली.

रात्री लॉबीत ती लॅपटॉप घेऊन बसली होती.
एका आज्ञेत सगळे निघाले असते,
मला इतकं कळतं, मी तसं म्हटलंही.
ती एकेक ओळ उघडत होती,
वाचत होती,
शब्द खोडत होती,
पुढच्या ओळीकडे जात होती.

"तीनशे बारा," म्हणाली,
आणि पडद्यावरची नजर न हलवता
डावा हात कपाकडे नेला.
कप तिथेच होता.